सामना पाहा, पण सगळे मिळून पाहा

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवते ना? नवी मुंबईत महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर, रिक्षा थांब्यावर तोच विषय.

घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "सामना पाहून पोट भरते का?" पोट भरत नाही, हे खरे. पण नाक्यावर, कारखान्यात किंवा लोकांच्या घरी दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या डोक्यात भाडे, फी, औषधपाणी हेच घोळत असते. मनालाही विसावा लागतो. दोन घटका ओरडून, हसून, टाळ्या वाजवून तो मिळतो.

यातही सोबतीला मोल आहे. इंग्लंडमध्ये ७,२०९ प्रौढांच्या माहितीवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष जाऊन सामने पाहणाऱ्यांमध्ये आयुष्याबद्दलचे समाधान जास्त आणि एकटेपणा कमी आढळला. केवळ सामन्यामुळेच हे घडते असे म्हणता येणार नाही. पण चार माणसांत बसण्याचा फायदा आपल्यालाही ठाऊक आहे. त्यासाठी महागडे तिकीट नको. वस्तीच्या मैदानात कबड्डी चालू असेल, तर एकट्या राहणाऱ्या आजोबांना हात धरून न्या, खुर्ची द्या.

आता घरात डोकावू. सामना रंगला की चहा-भजीची फर्माईश वाढते आणि घरातली बाई ओट्यापाशीच राहते. थकवा तिलाही येतो. त्या दिवशी साधी खिचडी करा, कामे वाटून घ्या आणि तिलाही टीव्हीसमोर बसू द्या. आई सामना पाहते हे बघून मुलगीही बॅट मागेल.

काही गोष्टी मात्र सांभाळा. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिच परिसरात हृदयाच्या तातडीच्या तक्रारी एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्या होत्या. ज्यांना आधीपासून हृदयरोग होता, त्यांना धोका जास्त होता. म्हणून बीपी-हृदयाच्या गोळ्या सामन्याच्या नादात चुकवू नका. फरसाण-वेफर्सऐवजी फुटाणे, काकडी ठेवा. अधूनमधून उठून चार पावले चाला. छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप यांपैकी काही जाणवले, तर शेवटच्या षटकाची वाट न पाहता १०८ ला फोन करा. बायकांमध्ये कधी फक्त मळमळ, धाप किंवा अचानक थकवा असतो. "पित्त असेल" म्हणून सोडून देऊ नका.

दुसरा धोका पैशाचा. सट्टा पन्नास रुपयांपासून सुरू होतो आणि मंगळसूत्रापर्यंत पोहोचतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, पण चोरवाटा असतातच. पैसा लावला की चौकार-षटकारांची मजा उरत नाही. झोप उडते, घरात भांडणे होतात. दारूचेही तेच. हरल्याचा राग बायकोमुलांवर निघतो, तेव्हा तो खेळ राहत नाही. कर्जामुळे किंवा सट्ट्यामुळे मन खचले असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीतही बोलता येते.

हार-जीत मैदानावर सोडून शांत झोपता आले, तर समजा सामना कारणी लागला. पुढच्या सामन्याला टीव्हीसमोर चटई अंथराल, तेव्हा शेजारच्या एकट्या आजींनाही हाक मारा.