बॅटरीच्या उजेडात न सापडणारा काचबिंदू

हिंगोली जिल्ह्यात सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावसारख्या गावात डोळ्यांचे शिबिर म्हटले की आधी मोतीबिंदूच आठवतो. पिकलेला मोतीबिंदू साध्या बॅटरीच्या उजेडातही ओळखू येतो, आणि शस्त्रक्रियेने नजर परत येते. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी उलटलेल्या अंधांपैकी ६६.२ टक्क्यांच्या अंधत्वाचे कारण मोतीबिंदूच होते. त्यामुळे शिबिरांनी तिकडे लक्ष दिले ते बरोबरच झाले.

काचबिंदूचे तसे नाही. बहुतेकांना तो दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर आधी जाते, समोरचे दिसत राहते, म्हणून माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. गेलेली नजर परत येत नाही. नुसता डोळ्याचा दाब मोजूनही भागत नाही, कारण दाब नेहमीसारखा असतानाही काहींना काचबिंदू होतो. डोळ्याच्या आत, नजरेच्या मज्जातंतूच्या मुळाशी पाहावेच लागते. शुगरमुळे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) बिघडतो तेव्हाही सुरुवातीला काही कळत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. डोळे तपासणाऱ्या यंत्रांची मागणी वाढते आहे, त्यामागे मधुमेहींची ही संख्या हे एक मोठे कारण.

डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५१ मध्येच दिले होते. १९९१ मध्ये ओसीटी (ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी) आले. परावर्तित प्रकाशावरून, डोळ्याला हात न लावता, पडद्याचे थर मोजणारे हे यंत्र आज मोठ्या शहरांतल्या नेत्ररुग्णालयांत सर्रास दिसते. ते महाग आहे, चालवायला शिकलेला माणूस लागतो. म्हणून यंत्रांचा बाजार शहरांत आधी फोफावतो.

खेड्याला जवळचा वाटतो तो फंडस कॅमेरा. बंगळुरूच्या फोरस हेल्थचा थ्रीनेत्र किंवा रेमिडिओचा मोबाइलवर चालणारा कॅमेरा घेऊन प्रशिक्षित तंत्रज्ञ पडद्याचा फोटो काढतो, आणि डॉक्टर तो दूरवरून तपासतात. असे फोटो वाचणारी, डॉक्टरविना निष्कर्ष देणारी एक संगणकप्रणाली अमेरिकेने २०१८ मध्ये मंजूर केली. एक अडचण मात्र उरतेच: मोतीबिंदू दाट असला की फोटो धूसर येतो, आणि आपल्याकडे मधुमेही आजोबांना मोतीबिंदू आणि पडद्याचा बिघाड, दोन्ही असू शकतात.

माझ्या मते हा कॅमेरा शिबिरापुरता न आणता, जिथे शुगर-बीपी तपासायला लोक येतातच त्या आरोग्य केंद्रात कायम ठेवावा. आणि हिशेब किती फोटो निघाले याचा नको. फोटोत दोष निघालेल्यांपैकी किती जण लेझर, इंजेक्शन किंवा थेंबांपर्यंत पोहोचले, तो हवा. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुसेगावात निघालेला फोटो तिथे कोण पाहील, आणि पेशंटला तारीख कोण देईल, हे आत्ताच ठरवता येईल.