सरासरी बरोबर, पेरणी चूक

एका वाचकाने विचारलंय, 'पेरणी यंत्राच्या प्रत्येक नळीत सेन्सर आणि ट्रॅक्टरवर त्याचा पडदा, अशी सोय आता विकत मिळते. विकणारे सांगतात, उत्पन्न वाढतं. खरंच वाढतं का?' प्रश्न एका ओळीचा आहे. उत्तर मात्र तेवढ्यात आटोपणारं नाही, कारण हा सेन्सर नेमकं काय बघतो आणि काय बघत नाही, हे विकणारेही फारसं सांगत नाहीत.

आधी जुनी व्यवस्था आठवू. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारी बाई किंवा गडी हाच त्या यंत्राचा मापक आणि तोच पहारेकरी. दाणे बोटांतून सुटताना कळायचे, नळा चोंदला तर चाड्यात बी साचलेलं लगेच दिसायचं, बैल चार पावलांत थांबायचे. या अवजाराचं कौतुक करणारा एक इंग्रज मला फार आवडतो. कॅप्टन थॉमस हॅल्कॉट हा कंपनी सरकारचा अधिकारी १७९०च्या दशकात दक्षिण भारतात होता. जेथ्रो टलने १७०१च्या सुमारास इंग्लंडात पेरणी यंत्र बनवलं, म्हणून ओळीत पेरणं हा युरोपचा नवा शोध, अशी हॅल्कॉटची समजूत. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याला शेतात साधीशी पाभर चालताना दिसली. चौकशी केली तर उत्तर मिळालं की ही इथे सर्रास वापरतात आणि कधीपासून ते कुणालाच आठवत नाही. हॅल्कॉटने ही हकीकत इंग्लंडच्या कृषी मंडळाला रीतसर कळवली. धरमपाल यांनी १९७१च्या आपल्या ग्रंथात हे पत्र पुन्हा छापलं.

ट्रॅक्टर आला आणि ही मूठ गेली. चालकाची नजर पुढे, बी पडतं मागे. एखादी नळी मातीने चोंदली, पेटीतलं बी अडकलं, साखळी निसटली, तरी बाकीच्या ओळी व्यवस्थित पडत राहतात आणि चालकाला पत्ता नसतो. पत्ता लागतो आठवड्याने, उगवण झाल्यावर, अख्खं तास कोरं दिसतं तेव्हा. आपल्याकडे यावर उपाय म्हणून यंत्राच्या मागच्या फळीवर माणूस उभा करतात. तो धूळ खात नळ्यांकडे बघत राहतो, आणि हे काम धोक्याचंही आहे.

अमेरिकेत मक्याची शेतं मोठी आणि माणसं थोडी, त्यामुळे हा प्रश्न तिथे आधी पेटला. १९६६ साली इलिनॉय राज्यात डिकी-जॉन या कंपनीने पेरणीवर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र बाजारात आणलं. कल्पना सरळ होती. नळीच्या एका बाजूला प्रकाश, समोर प्रकाश ओळखणारा घटक. दाणा मधून गेला की प्रकाश क्षणभर अडतो आणि विजेचा एक ठोका उमटतो. ठोके थांबले की ओळ थांबली. त्या पिढीचं यंत्र एकाच प्रश्नाचं उत्तर देत होतं, बी पडतंय की नाही? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा फायदा या एका उत्तराने करून दिला. पुढची पन्नास वर्षं उरलेल्या छोट्या फायद्यांच्या मागे गेली आहेत.

पुढचा प्रश्न होता, किती पडतंय? इथे आकडे मजेदार आहेत. अमेरिकन मक्याच्या ओळी ३० इंचांवर असतात. एकरी ३४,००० दाणे पेरायचे तर ओळीतलं अंतर साधारण साडेपंधरा सेंटिमीटर येतं. ताशी आठ किलोमीटर वेगाने यंत्र ओढलं तर एका ओळीत सेकंदाला चौदा दाणे पडायला हवेत. चोवीस ओळींचं यंत्र असेल तर सेकंदाला ३४०. मुठीने पेरणाऱ्या बाईला हे जमणं शक्यच नाही, सेन्सरला मात्र दोन दाण्यांमधले ७० मिलिसेकंद म्हणजे ऐसपैस वेळ. म्हणून पडद्यावर एकरी संख्या झळकू लागली, ३४,१०० किंवा ३३,९००. शेतकरी खूश, विक्रेता त्याहून खूश.

आणि इथेच फसगत सुरू झाली. समजा तुमच्या थांब्यावर तासाला सहा बस आहेत, म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे दर दहा मिनिटांनी एक. प्रत्यक्षात दहा वाजता तीन बस एकामागोमाग येतात आणि पुढच्या तीन साडेदहाला. आगाराच्या नोंदीत सहाच्या सहा बस धावल्या, सरासरी अंतर दहा मिनिटं, तक्रारीला जागा नाही. थांब्यावरचा माणूस मात्र अर्धा तास उन्हात. गंमत अशी की उन्हात ताटकळणारे जास्त असतात, कारण लांब खंडात थांब्यावर येणारी माणसंही जास्त. म्हणजे सरासरी जितकी निर्दोष दिसते, तितकी ती ज्यांना सोसावं लागतं त्यांच्यापासून लांब असते. मक्याच्या ओळीत हेच घडतं. एका जागी दोन दाणे पडले आणि पुढच्या जागी एकही नाही, तर संख्या बरोबर, सरासरी अंतर बरोबर. शेतात मात्र एकीकडे विरळणी करायची वेळ आणि दुसरीकडे नांगी भरायची.

या फसगतीवर नीट बोट ठेवणारी दोन माणसं म्हणजे नेब्रास्का विद्यापीठाचे स्टीफन कॅचमन आणि जॉन स्मिथ. यंत्रांच्या जाहिरातींत त्यांची नावं कुठेच नसतात. १९९५च्या शोधनिबंधात त्यांनी दाखवलं की एकेक दाणा मोजून टाकणाऱ्या यंत्राची कामगिरी सरासरी आणि प्रमाण विचलन या आपल्या ओळखीच्या मापांनी सांगता येत नाही. कारण अंतरांचा आलेख एका गोल डोंगराचा नसतो. एक ढीग ठरलेल्या अंतराभोवती, दुसरा शून्याजवळ आणि तिसरा दुप्पट अंतराशी. पहिला यंत्राच्या चांगल्या कामाचा, दुसरा जोड दाण्यांचा, तिसरा नांग्यांचा. सगळे एकत्र करून एक आकडा काढला की नेमकं काय बिघडलंय ते लपतं. म्हणून तिन्ही वेगळे मोजा, असं त्यांचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय मानकाची रेघ सोपी आहे. ठरलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी असेल तर जोड दाणा, दीडपटीहून जास्त असेल तर नांगी, मधलं सगळं ठीक. आजच्या चांगल्या पडद्यावर प्रत्येक ओळीची जोड आणि नांगीची टक्केवारी वेगळी दिसते, ती या विचाराची देणगी आहे. ठोक्यांमधला वेळ गुणिले यंत्राचा वेग म्हणजे अंतर, इतकंच त्यामागचं गणित.

पण प्रकाशाच्या सेन्सरचीही एक मर्यादा आहे. दोन दाणे चिकटून गेले तर सावली एकच पडते, म्हणजे ज्या जोड दाण्यांचा शोध घ्यायचा त्यांतलेच काही निसटतात. बियाण्यावरच्या औषधाची आणि ते वाहतं राहावं म्हणून घातलेल्या भुकटीची धूळ काचेवर बसते आणि मोजणी बिघडते. म्हणून पुढे उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरींचा सेन्सर आला. तो सावली बघत नाही, वस्तुमान ओळखतो, त्यामुळे हलकी धूळ त्याला दिसतच नाही.

मोठा दोष वेगळाच आहे. सेन्सर नळीच्या मध्यावर असतो आणि पीक जमिनीत उगवतं. दाणा साधारण हातभर खाली पडायला तीन दशांश सेकंद घेतो, तेवढ्यात आठ किलोमीटर वेगाचं यंत्र सुमारे ६५ सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. एखादा दाणा नळीला घासून शतांश सेकंद उशिरा पडला तरी त्याची जागा दोन सेंटिमीटरहून जास्त सरकते. वेग दुप्पट केला तर चूकही दुप्पट. त्यातून दाणा सरीच्या तळाशी आपटून उसळला तर ते पडद्याला कधीच कळत नाही. सेन्सर शंभर टक्के म्हणतो, ओळ ऐंशी टक्क्यांची उगवते.

यावर जॉन डिअर कंपनीने २०१४ साली काढलेला तोडगा मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकात घालावासा वाटतो. त्यांनी दाणा पाडायचंच बंद केलं. केसाळ पट्टा दाण्याला धरून जमिनीपर्यंत खाली नेतो आणि यंत्र जितक्या वेगाने पुढे जातंय तितक्याच वेगाने मागच्या दिशेला सोडतो. पुढचा वेग आणि मागचा वेग एकमेकांना खाऊन टाकतात. जमिनीच्या हिशेबाने दाणा स्थिर, त्यामुळे तो उसळत नाही, ठेवला तिथेच राहतो. ताशी १६ किलोमीटर वेगाने पेरणी करता येते ती या युक्तीमुळे. हे सेन्सरचं यश नव्हे, यांत्रिकीचं आहे.

सुधारणेचा दुसरा धागा असाच आहे. जुन्या यंत्रात बी टाकणारी तबकडी जमिनीवरच्या चाकावर फिरायची. ओल्या रानात चाक घसरलं की बी पडायचं थांबायचं. आता प्रत्येक ओळीला स्वतंत्र मोटार असते, वेग रडारवरून किंवा उपग्रहावरून मिळतो. वळणावर बाहेरची ओळ लांब फिरते, म्हणून तिची मोटार जोरात, आतल्या ओळीची हळू. खोलीसाठी चाकांवर किती भार पडतोय ते मोजणारा सेन्सर असतो. कडक जमिनीत फाळ वर उचलला गेला तर दाब वाढवायचा, ओल्या भारी जमिनीत माती घट्ट दाबली जात असेल तर कमी करायचा.

मग उत्पन्न वाढतं का? इथे शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पर्ड्यू विद्यापीठाचे बॉब निल्सन यांनी मांडलं की रोपांतल्या अंतराचं प्रमाण विचलन एक इंचाने वाढलं की एकरी अडीच बुशेल, म्हणजे सुमारे ६३ किलो मका कमी होतो. हा आकडा विक्रेत्यांच्या तोंडी असतो. विस्कॉन्सिनच्या जो लॉअर यांनी रोपांची संख्या कायम ठेवून फक्त अंतरं बिघडवून पाहिली, तेव्हा बिघाड बराच मोठा होईपर्यंत उत्पन्न फारसं हललं नाही. हा निष्कर्ष त्याच विक्रेत्यांच्या तोंडी कधी येत नाही. ज्यावर फारसा वाद नाही ती गोष्ट म्हणजे एकसारखी उगवण. इलिनॉय आणि विस्कॉन्सिनच्या अभ्यासांत दीड ते तीन आठवडे मागे राहिलेल्या मक्याच्या रोपांमुळे उत्पन्न ठळकपणे घटलं. ही रोपं शेजाऱ्याच्या सावलीत वाढतात, पाणी आणि खत घेतात, कणीस मात्र नीट धरत नाहीत. म्हणजे अंतर मोजणाऱ्या सेन्सरपेक्षा खोली आणि ओल सांभाळणारी व्यवस्था जास्त मोलाची, असं माझं वाचन.

धंद्याची बाजूही विसरू नये. ग्रेग सॉडर या शेतकऱ्याने १९९३ साली सुरू केलेल्या प्रिसिजन प्लांटिंग या कंपनीचं वैशिष्ट्य हे की ती जुन्याच यंत्राला बसवायचे सुटे भाग विकते, नवं यंत्र घ्यायला लावत नाही. मोन्सॅन्टो या बियाणे कंपनीने २०१२ साली ती घेतली आणि पुढे ती जॉन डिअरला विकायची ठरली. २०१६ साली अमेरिकेच्या न्याय खात्याने कोर्टात धाव घेतली, कारण वेगवान अचूक पेरणीच्या तिथल्या बाजारातला किमान ८६ टक्के हिस्सा या दोघांकडेच होता. २०१७ मध्ये तो व्यवहार बारगळला आणि कंपनी ॲग्को या दुसऱ्या शेती-यंत्र कंपनीकडे गेली. जुनं यंत्र सुधारून वापरण्याचा शेतकऱ्याचा हक्क हा तंत्रज्ञानाचाच भाग आहे, हे त्या खटल्याने दाखवलं.

आपल्याकडे हिशेब पिकावर ठरेल. सोयाबीन ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरतात. म्हणजे ताशी चार किलोमीटर इतक्या संथ वेगालाही एका ओळीत सेकंदाला बावीस दाणे. त्यात आपल्या बहुतेक पेरणी यंत्रांतून बी धारेने सुटतं, एकेक दाणा वेगळा होतच नाही. शिवाय सोयाबीनला फांद्या फुटतात आणि छोटी नांगी शेजारची झाडं भरून काढतात. तिथे दाणे मोजण्यावर पैसे घालणं व्यर्थ, पण नळी चोंदल्याचा इशारा देणारा साधा भोंगा पहिल्याच हंगामात उपयोगी पडेल. फळीवरचा माणूसही खाली उतरेल. मका फांद्या फोडून रिकामी जागा भरत नाही, म्हणून हवेच्या दाबावर एकेक दाणा उचलणारा प्लँटर असेल तर जोड आणि नांगी वेगळी दाखवणारा पडदा घ्यायला हरकत नाही. कपाशी आपल्याकडे बहुतांशी हाताने टोबतात, तिथे सेन्सरचा प्रश्नच नाही. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधीच घाई केली, तर दुबार पेरणीपासून कोणताही सेन्सर वाचवणार नाही.

विकत घेण्याआधी कॅचमन-स्मिथ यांची चाचणी घरीच करता येते. मका उगवून आला की मोजपट्टी घेऊन यंत्राच्या प्रत्येक ओळीत शंभर रोपांमधली अंतरं लिहून काढा. ठरलेलं अंतर २० सेंटिमीटर असेल तर १० हून कमी ती जोड, ३० हून जास्त ती नांगी. नांग्या थोड्या आणि सगळ्या ओळींत विखुरलेल्या असतील तर बी किंवा जमीन तपासा. एकाच ओळीत गर्दी असेल तर त्या ओळीची तबकडी खोला. एवढ्यात कारण सापडलं तर पडद्याचे पैसे वाचले. तरीही घ्यायचाच असेल, तर विक्रेत्याला एकरी संख्या विचारू नका, ती त्याच्या तोंडपाठ असते. जोड आणि नांगी वेगवेगळी दाखवता का, आणि कडक जमिनीत खोली किती टिकते, हे विचारा.