हे खरे आहे काय?

(सभागृहाच्या आत : भाग सहावा)

विधिमंडळातल्या छापील प्रश्नांना एक ठरलेला साचा असतो. पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ या शब्दांनी संपतो. दुसरा ‘असल्यास’पासून सुरू होतो आणि शासनाने चौकशी केली आहे काय, असे विचारतो. तिसऱ्यात कारवाई, आणि शेवटच्यात हमखास ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खाली मंत्र्यांचे उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ उपकेंद्राला डॉक्टर नाही, शाळेचे छत गळते, पाण्याची टाकी बांधली पण नळ जोडला नाही, अशा कितीतरी तक्रारी या दोन ओळींखाली गेल्या आहेत. आणि उत्तर तांत्रिकदृष्ट्या चुकीचेही नसते. प्रश्नात ‘तीन वर्षांपासून’ असेल आणि प्रत्यक्षात अडीच वर्षे झाली असतील, तर ‘हे खरे नाही’ म्हणायची सोय झालीच.

मागच्या भागात आपण कपात सूचना पाहिल्या. या आठवड्यात प्रश्नोत्तरे. पण नियमांची जंत्री देण्याऐवजी बीड जिल्ह्यातले एक प्रकरण घेऊ. मंत्र्याला काय विचारले यावर त्याचे उत्तर किती अवलंबून असते, हे या प्रकरणाइतके दुसरीकडे क्वचितच दिसते.

बीड म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जाते, कुणी कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, म्हणजे हिशेबात बाई वेगळी दिसतच नाही. खाडा झाला तर दंड, आणि तो उचलीत चढतो. पहाटे फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. पालाशेजारी ना संडास ना न्हाणी. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही. पोट दुखते, अंगावरून जाते म्हणून गावाकडच्या दवाखान्यात गेले की पुष्कळदा एकच सल्ला मिळे : पिशवी काढून टाका. कॅन्सर होईल ही भीती घातली की पंचविशी-तिशीतली बाईही तयार होई. दोन-तीन लेकरे झालेलीच असत, आणि ऑपरेशनच्या खर्चासाठी पुन्हा मुकादमापुढेच हात पसरला जाई.

एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’ने याबद्दल लिहिले. बीडमधल्या वंजारवाडीचे नाव देशभर गेले. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली. आणि जूनच्या पावसाळी अधिवेशनात विषय विधान परिषदेत आला.

कोणी आणला, ते पाहण्यासारखे आहे. डॉ. नीलम गोऱ्हे बीडच्या नव्हेत, पुण्याच्या. परिषदेच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडून दिलेले असतात, त्यांपैकी त्या एक. म्हणजे त्यांना मतदारसंघ असा नाहीच. शिवाय त्या शिवसेनेच्या आणि उत्तर देणारे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदेही तेव्हा शिवसेनेचेच. विरोधकांनी विचारायचे आणि सरकारने टोलवायचे, ही आपल्या मनातली प्रश्नोत्तराची प्रतिमा इथे लागू पडत नाही. गंमत अशी की त्या वेळी परिषदेतले विरोधी पक्षनेते धनंजय मुंडे आणि राज्याच्या महिला व बालविकास मंत्री पंकजा मुंडे, दोघेही बीडचेच. वरचे सभागृह कशाला हवे, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. मला तो अगदीच गैर वाटत नाही. पण ज्याला पुढच्या निवडणुकीत मुकादम, कारखानदार आणि डॉक्टर या तिघांनाही सांभाळायचे नाही, असा एखादा सदस्य सभागृहात असणे उपयोगी पडते, हे इथे कबूल करावे लागते.

शिंदे यांनी उत्तरात आकडा दिला. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अध्यक्षतेखालील समितीने माहिती गोळा केली होती. त्यानुसार २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मंत्री पुढे असेही म्हणाले की, यातल्या अनेक स्त्रिया ऊसतोड कामगार नव्हत्या. आरोग्य विभागाच्या प्रधान सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमू, तीत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि महिला आमदार असतील, दोन महिन्यांत अहवाल येईल, असे त्यांनी जाहीर केले.

दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ४,६०५ आला. तो मोठा आहे, पण त्यातून कळते काय? भागाकार करून पाहा. ९९ रुग्णालये, तीन वर्षे. एका रुग्णालयाच्या वाट्याला सरासरी ४६-४७, म्हणजे महिन्याला एक-सव्वा. असे मांडले तर कुणाही डॉक्टरला खुलासा देता येईल. सरासरीने इथे झाकण घातले. खरा उपप्रश्न वेगळा होता : यांपैकी सर्वाधिक शस्त्रक्रिया करणारी दहा रुग्णालये कोणती आणि त्यांचा आकडा किती? किती स्त्रिया पस्तिशीच्या आतल्या होत्या? किती जणींचा तपासणी अहवाल शस्त्रक्रियेआधीचा आहे? आणि ‘अनेक ऊसतोड कामगार नव्हत्या’, तर किती होत्या?

तारांकित प्रश्नाचे सगळे मोल या उपप्रश्नांत आहे. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते आणि विषय तिथे संपतो. तारांकिताला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि मग विचारणाऱ्यालाच नव्हे, इतर सदस्यांनाही उपप्रश्न विचारता येतात. मंत्री अडखळले की अधिकारी गॅलरीतून चिठ्ठ्या येऊ लागतात. त्याने भागले नाही तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. मंत्र्याच्या दृष्टीने ही नामुष्की, म्हणून राखून ठेवलेल्या प्रश्नाची तयारी नेहमी बरी असते. नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना विधानसभेत याहून तातडीची. तिच्यात मंत्र्यांचे निवेदन छापून हाती येते आणि त्यावर चर्चा झडते. सध्या आमदारांचा ओढा लक्षवेधीकडे जास्त आहे, कारण ती टीव्हीवर चांगली दिसते.

आता हा प्रश्न बीडमध्ये कसा पोहोचतो, ते बघू. सचिवालयातून विभागाकडे, विभागाच्या कार्यासनाकडून आरोग्य संचालनालयाकडे, तिथून जिल्ह्याला. जिल्ह्याच्या कचेरीत ‘एलएक्यू आलाय’ (म्हणजे विधिमंडळाचा प्रश्न आलाय) असे म्हटले की बाकीची कामे बाजूला पडतात. वर ‘अत्यंत तातडीचे’ असा शेरा असतो आणि माहिती आजच्या आज हवी असते. तालुक्याला फोन, तालुक्यावरून प्राथमिक आरोग्य केंद्राला. ज्याच्याकडे जे रजिस्टर असेल त्यातला आकडा वर जातो. नोंदच नसेल तर ‘निरंक’. खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते खरी, पण कुठली शस्त्रक्रिया कुणावर आणि का झाली, याची मोजदाद त्या नोंदणीत नाही. तेव्हा रुग्णालयांनी जे सांगितले त्याची बेरीज म्हणजे ४,६०५. मंत्र्यांनी आकडा दडवला असे म्हणायला आधार नाही. मोजलेच तेवढे गेले होते.

प्रत्यक्षात समितीचे काम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. त्या जून महिन्यातच त्या परिषदेच्या उपसभापती झाल्या होत्या. समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात मोजणीची दिशा उलटी केली होती. रुग्णालयांना विचारण्याऐवजी गावोगाव जाऊन बायकांना विचारले गेले. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. शंभरात जवळजवळ १७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे धरूनही फरक डोळ्यांवर येतोच.

४,६०५ आणि १३,८६१ हे आकडे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. पहिला सांगतो, तीन वर्षांत जिल्ह्याच्या खासगी रुग्णालयांत किती शस्त्रक्रिया झाल्या. त्यात शिक्षिका असेल, शेतमालकीणही असेल. दुसरा सांगतो, आज कोयता हाती असलेल्या स्त्रियांपैकी किती जणींवर ही वेळ आली, मग ती कधीही आणि कुठेही आलेली असो. पहिल्याला छेद नाही, दुसऱ्याला आहे. ‘अनेक जणी ऊसतोड कामगार नव्हत्या’ हे वाक्य पहिल्या आकड्यासमोर टिकते. दुसऱ्यासमोर त्याला अर्थ उरत नाही. आरोग्य, शाळा, रेशन, पाणी, कुठल्याही सेवेबद्दलचा प्रश्न लिहिताना आमदाराने हा छेद मागितला पाहिजे. ‘किती जणांना लाभ मिळाला?’ असे विचारले की मंत्री आनंदाने मोठा आकडा देतात. ‘पात्र किती, त्यांपैकी किती?’ असे विचारले की यंत्रणेला पहिल्यांदा पात्र माणसे मोजावी लागतात.

मोजणी कधी करायची, यालाही बीडमध्ये महत्त्व आहे. हिवाळी अधिवेशन नागपूरला डिसेंबरात. त्या वेळी धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांत म्हातारी माणसे आणि लहान पोरेच उरलेली असतात. डिसेंबरात एलएक्यू आला आणि आरोग्य सेविकेने घरोघर जाऊन माहिती घेतली, तर घरांना कुलपे. पावसाळी अधिवेशनाच्या काळात मात्र माणसे गावी असतात. २०१९ चे सर्वेक्षण पावसाळ्यात झाले, म्हणून ८२ हजार बायका सापडल्या. हंगामात त्या सापडतात कारखान्यांच्या जिल्ह्यांत, आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या लेखी त्या बाहेरच्या.

करोनाच्या काळात तर विचारायची जागाच आकसली. सप्टेंबर २०२०, डिसेंबर २०२० आणि जुलै २०२१ ही अधिवेशने मुंबईत दोन-दोन दिवसांची झाली, प्रश्नोत्तराच्या तासाविना. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेनेही तो तास वगळला होता. साथ होती, मान्य. पण आरोग्यमंत्र्याला प्रश्न विचारायची सर्वाधिक गरज नेमकी तेव्हाच होती.

हा हक्क आपल्याकडे काही आपोआप आलेला नाही. १८९२ च्या कायद्याने मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, १९०९ मध्ये उपप्रश्नाची. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. बीडकरांनी निवडून दिलेला माणूस विधानसभेत उभा राहून मंत्र्याला जाब विचारू शकला तो १९५२ च्या निवडणुकीनंतर, हैदराबादेत. पुढे याच जिल्ह्यातले गोपीनाथ मुंडे १९९१ ते १९९५ या काळात विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. सरकारला धारेवर धरणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या एका पिढीने त्यांच्याकडे पाहून ओळखले.

प्रश्नाने काय साधले? बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी खासगी रुग्णालयांनी सरकारी आरोग्य यंत्रणेची परवानगी घेण्याचा दंडक आला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाची घोषणा आधीच झाली होती. त्याला पैशाचा पाया मिळाला तो नंतरच्या सरकारच्या काळात. कारखान्यांकडून गाळलेल्या उसाच्या टनामागे १० रुपये, तेवढेच शासनाचे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असे सांगितले. ते प्रकरण बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातले होते. म्हणजे हा धंदा बीडपुरता नव्हता.

मात्र परवानगीचा दंडक डॉक्टरला बांधतो, फडाला नाही. पाळीत दोन दिवस सुट्टी, पालाजवळ संडास, खाड्याचा दंड बंद, या गोष्टी आरोग्यमंत्र्याच्या हातात नाहीत. त्या कामगार, सहकार आणि सामाजिक न्याय खात्यांत वाटलेल्या आहेत. प्रश्न एका खात्याला जातो आणि ‘हा विषय या विभागाशी संबंधित नाही’ असे उत्तर घेऊन परत येतो. ऊसतोडीच्या बाईचे दुखणे चार मंत्र्यांत विभागलेले असल्याने तिच्यावरचा तारांकित प्रश्न लिहिणे हेच अवघड काम आहे.

वाचकांनी स्वतः करण्यासारखे एक आहे. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. बीड, माजलगाव, गेवराई, आष्टी, केज, परळी, आपापल्या आमदाराचे नाव शोधून त्यांनी काय विचारले ते वाचा. प्रश्न किती विचारले ही संख्या फारशी बोलकी नसते. पुष्कळ प्रश्न एकाच मसुद्यावर दहा-वीस सदस्यांच्या सह्यांचे असतात. प्रश्नात छेद आहे का, ते बघा. पूर्वी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये एक परंतुक होते : जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते उपकलमच बदलले आणि ते परंतुक गेले. त्यामुळे आता आमदाराने काय विचारले, याला पूर्वीपेक्षा अधिक वजन आले आहे.

मंत्री सभागृहात ‘समिती नेमू’, ‘दोन महिन्यांत अहवाल’ असे म्हणतात, तेव्हा ते शब्द हवेत विरत नाहीत. ते टिपून ठेवणारी आणि वर्षांनंतरही खात्याला त्याबद्दल पत्र पाठवणारी एक समिती विधिमंडळात आहे. पुढच्या आठवड्यात आश्वासन समिती.