एक तारीख, दोन जन्मदिवस

१४ नोव्हेंबरच्या दिनविशेषात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या जन्माची नोंद हमखास असते. ते १८८९ साल. म्हणूनच आपल्याकडे या दिवशी बालदिन असतो. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, याच तारखेला कॅनडातील एका शेतकरी कुटुंबात फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म झाला. इन्शुलिनच्या शोधात त्यांचा मोठा वाटा होता. त्यामुळे १९९१पासून हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो.

बालदिनाचा कार्यक्रम शाळेत होतो, तर साखर तपासणीचे शिबिर दवाखान्यात. शिबिराच्या रांगेत बहुतेक सगळे मोठेच असतात. मधुमेह हा चाळिशीनंतरचा आजार, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात इन्शुलिनने ज्या पहिल्या रुग्णाचे प्राण वाचवले, तो किशोरवयीन मुलगा होता.

१९२१च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत बँटिंग आणि त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. त्या काळी मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे, एवढाच उपचार होता. त्याने आयुष्य थोडे लांबे, इतकेच. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या अस्थिपंजर झालेल्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क पुरेसा शुद्ध नसल्याने फारसा उपयोग झाला नाही. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलाची साखर उतरली. पुढे तो १३ वर्षे जगला. संशोधकांनी पेटंटचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. १९२३चे नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले.

लिओनार्डला होता तो ‘टाइप वन’ मधुमेह. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि त्यात आई-वडिलांचा काही दोषही नसतो.

त्याची लक्षणे घरातच दिसतात. मूल सारखे पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, खाऊनही वाळत जाते, लवकर थकते. अंथरूण ओले करणे थांबलेले मूल पुन्हा ओले करू लागते. ‘उन्हाळा आहे’, ‘वाढते वय आहे’ असे म्हणून दिवस जातात. मग उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, गुंगी सुरू होते. रक्तात आम्ल साठल्याची ही खूण असते. बाहेरून मात्र ती पोट बिघडल्यासारखी किंवा न्यूमोनियासारखी भासते. अशा वेळी उपचाराला उशीर झाला तर मूल दगावू शकते. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर केलेली तपासणी मिनिटभरात संशय दूर करते. वरील लक्षणे असतील तर ‘साखर तपासा’ असे पालकांनी स्वतःहून म्हणायला हरकत नाही.

निदानानंतर खरी परीक्षा सुरू होते. ‘इन्शुलिनची सवय लागते’ असे कुणी सांगते, कुणी जडीबुटी सुचवते. मुलगी असेल तर पुढे लग्न कसे जमेल, या धास्तीने आजार लपवला जातो. टाइप वनमध्ये इन्शुलिन ही सवय नाही, ती शरीराची रोजची गरज आहे. डॉक्टरांना न विचारता ते बंद करणे जीवघेणे ठरते.

शाळेचीही यात भूमिका आहे. अशा मुलाला तासाला पाणी पिण्याची, लघवीला जाण्याची, डबा खाण्याची आणि इंजेक्शन घेण्याची मोकळीक हवी. घाम, थरथर, भूक किंवा अचानक चिडचिड दिसली तर साखर उतरलेली असू शकते. मूल शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोजचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

ही माहिती वर्गशिक्षकांना असेल, तर मधुमेह असलेले मूल सहलीला जाऊ शकते, मैदानावर खेळू शकते, परीक्षेलाही निर्धास्त बसू शकते.