काचेच्या हौदांतील प्रवाळ

नांदेड व लातूर या आपल्या जिल्ह्यांस समुद्रकिनारा नाहीं. त्यामुळें पोवळें हा शब्द आपणांस बहुधा सोनाराच्या दुकानांतूनच ठाऊक होतो. अंगठींत बसवितात तें तांबडें पोवळें म्हणजे समुद्रांतील एका लहान प्राण्याचा सांगाडा होय. त्याचीं दूरचीं भावंडें अशीं जिवंत प्रवाळें खाऱ्या पाण्याच्या काचेच्या हौदांत ठेवण्याचा प्रघात अनेक देशांत आहे. अशा हौदाची निगा राखीत असतां या प्राण्यांवर ताण कसा पडतो व तो ओळखावा कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रवाळ झाडासारखें एका जागीं चिकटलेलें दिसलें, तरी तो प्राणी आहे. चुन्याच्या घरांत राहणाऱ्या असंख्य मऊ जिवांची ती वसाहत असते. त्यांच्या पेशींमध्यें एकपेशीय शैवल असतें. तें उजेडांत अन्न तयार करितें व त्यांतील मोठा वांटा यजमानास देतें. प्रवाळाच्या रंगाचें श्रेयहि पुष्कळ अंशीं त्यासच आहे.

प्रवाळास पळतां येत नाहीं कीं ओरडतां येत नाहीं. धक्का लागला, कीं तें आपल्या स्पर्शिका आंत ओढून घेतें. अंगावर गाळ बसला, कीं बुळबुळीत स्राव सोडून तो घालवितें. हे दोन्ही स्वसंरक्षणाचे उपाय आहेत. साफसफाईनंतर कांहीं तासांत प्राणी पुन्हा उमलला, तर भिण्याचें कारण नाहीं. मात्र ताण टिकला, म्हणजे शैवल बाहेर टाकलें जातें व पारदर्शक देहांतून खालचा पांढरा चुना दिसूं लागतो. असें प्रवाळ मेलेलें नसतें, उपाशी असतें. कारण वेळींच दूर झालें, तर शैवल हळूहळू पुन्हा वाढतें. न झालें, तर केवळ सांगाडा उरतो.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० किलो पाण्याच्या हौदांत साडेतीन किलो. वैशाखांत ५ किलो पाण्याची वाफ झाली, तरी क्षार तेवढेच राहतात व त्यांचें प्रमाण किलोमागें सुमारें ३७ ग्रॅम होतें. ही तूट खाऱ्या पाण्यानें भरल्यास तें वाढलेलेंच राहील. ती गोड्या पाण्यानेंच भरावी. तें पाणीहि क्षार काढलेलें असावें. पाणी तापविण्याच्या भांड्यांत जो पांढरा थर सांचतो, तो आपल्याकडील बोअरच्या पाण्यांत काय विरघळलेलें असतें हें दाखवितो. शिवाय तें एकदम ओतूं नये. क्षारांचें प्रमाण अकस्मात् उतरणें हाहि एक आघातच होय.

हाच नियम इतर कामांस लागू आहे. बदलावयाचें खारें पाणी आदल्या दिवशीं कालवून हौदाइतक्याच उष्णतेवर आणावें व थोडें थोडेंच बदलावें. हाताला साबण अथवा तेल नसावें. तळची वाळू ढवळूं नये. नवा प्रखर दिवा पहिल्या दिवशीं थोडाच वेळ लावावा. प्रवाळ मिटलेलें पाहून घाबरून एकाच दिवशीं पाणी, दिवा व जागा सर्व बदलणें हा तर दुसरा घाव होय. एक कारण शोधावें, तेवढेंच दूर करावें व वाट पाहावी.

हौदांत जें घडतें, तेंच समुद्रांतहि घडतें. नेहमींच्या उन्हाळ्याहून समुद्र एकदोन अंशांनीं अधिक तापून कांहीं आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळें पांढरीं पडतात. १९९८ सालीं लक्षद्वीप व मन्नारचें आखात येथें अशीच मोठी हानि झाली. हौद थंड करणें माणसाच्या हातीं असतें. समुद्रास शीतयंत्र लावतां येत नाहीं. खडक रचणाऱ्या प्रवाळांस आपल्या देशांत २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. समुद्रांतून तीं तोडून आणणें हा गुन्हा आहे.

आपल्या राज्यांत मालवणास, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, जिवंत प्रवाळें आहेत. तेथें १९८७ सालीं सागरी अभयारण्य झालें. विद्यार्थिमित्रहो, सहलीच्या निमित्तानें तेथें पाण्यांत उतरण्याचा योग आला, तर त्या खडकांवर पाय ठेवूं नका, तळचा गाळ उडवूं नका व आठवण म्हणून तुकडा मोडून आणूं नका. तो दगड नव्हे.