अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रातील देणगीदारांचा प्रभाव

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या क्रीडाविषयक निर्णयांवर धनाढ्य देणगीदारांचा पडणारा प्रभाव हा तेथील उच्च शिक्षणातील दीर्घकाळ चर्चिला गेलेला विषय आहे. प्रशिक्षकांची नियुक्ती व बडतर्फी, क्रीडागारांची उभारणी, एखादा खेळ सुरू करणे वा बंद करणे आणि खेळाडूंची निवड अशा निर्णयांत हा प्रभाव दिसून येतो. विद्यापीठाच्या संघाला आर्थिक वा अन्य साहाय्य करणाऱ्या व्यक्तीस तेथे 'बूस्टर' असे म्हणतात. असे देणगीदार बहुधा त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी किंवा स्थानिक उद्योजक असतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल या खेळांचे विद्यापीठीय सामने अतिशय लोकप्रिय आहेत. मोठ्या विद्यापीठांचा क्रीडा विभाग स्वतंत्र अंदाजपत्रक असलेली एक संस्थाच असते. दूरचित्रवाणीचे हक्क, तिकीटविक्री, विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे शुल्क आणि देणग्या ही त्याच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होत. तरीही बहुतेक विभागांचा खर्च त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाहून अधिक असतो. ही तूट भरून काढणाऱ्या देणगीदाराच्या शब्दाला त्यामुळे वजन प्राप्त होते.

हा प्रश्न नवा नाही. कार्नेगी प्रतिष्ठानाने १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात खेळाडूंना आमिषे दाखवून प्रवेश देण्याच्या प्रथेवर कठोर टीका केली होती. देणग्यांना संघटित रूपही लवकरच आले. दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठाच्या 'आयपटे' या संस्थेची स्थापना १९३४ साली झाली. 'मी वर्षाला दहा देतो' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. प्रत्येकी दहा डॉलरच्या वर्गणीपासून सुरू झालेली ही पद्धत पुढे देशभर रूढ झाली.

प्रभावाचे मार्ग

देणगीदारांचा प्रभाव केवळ गैरव्यवहारांतून पडतो असे नाही. त्याचे बहुतांश मार्ग कायदेशीर व उघड आहेत.

विशिष्ट हेतूने दिलेली देणगी हा त्यांपैकी प्रमुख मार्ग होय. क्रीडागारासाठी दिलेला निधी ग्रंथालयासाठी वापरता येत नाही. त्यामुळे विद्यापीठाचा प्राधान्यक्रम काही अंशी दात्याच्या आवडीवरून ठरतो. ओक्लाहोमा राज्य विद्यापीठास तेलउद्योजक टी. बून पिकन्स यांनी २००५ च्या अखेरीस क्रीडाविषयक कामांसाठी १६.५ कोटी डॉलर दिले. ही रक्कम पिकन्स यांच्याच गुंतवणूक निधीत गुंतवण्यात आली आणि २००८ च्या आर्थिक मंदीत तिचे मूल्य घटले. दान दिल्यानंतरही दात्याचा त्या पैशाशी संबंध कसा टिकून राहतो, याचे हे उदाहरण मानले जाते.

दुसरा मार्ग प्रशिक्षकांच्या करारांशी निगडित आहे. प्रशिक्षकास मुदतीपूर्वी दूर केल्यास त्याला कराराची मोठी रक्कम द्यावी लागते. ती भरण्याची देणगीदारांची तयारी असेल तर बडतर्फी सुकर होते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांना दूर केले, तेव्हा ही रक्कम साडेसात कोटी डॉलरहून अधिक होती. ती क्रीडा विभाग आणि त्याच्याशी संलग्न देणगीदार प्रतिष्ठान यांच्याकडून भागवली जाईल, असे विद्यापीठाने जाहीर केले होते.

करसवलतीनेही या व्यवस्थेस हातभार लावला. मोक्याच्या आसनांवर हक्क मिळावा म्हणून दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर १९८८ च्या कायद्यानुसार वजावट मिळत असे. २०१७ च्या करसुधारणेने ही सवलत रद्द केली.

उल्लेखनीय घटना

सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ

टेक्सासमधील डॅलस येथील या विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना बूस्टरांच्या निधीतून गुप्तपणे पैसे दिले जात. याआधीच्या गैरप्रकारांसाठी संघ शिक्षा भोगत असतानाही हे प्रकार थांबले नाहीत. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) फेब्रुवारी १९८७ मध्ये संघाचा १९८७ चा संपूर्ण मोसम रद्द केला. ही शिक्षा 'मृत्युदंड' या नावाने ओळखली जाते. १९८८ चा मोसम विद्यापीठाने स्वतःच रद्द केला. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे माजी प्रमुख आणि टेक्सासचे तत्कालीन राज्यपाल बिल क्लेमेंट्स यांनी मार्च १९८७ मध्ये एक कबुली दिली. खेळाडूंना आधीच दिलेली वचने पाळावीत म्हणून काही काळ पैसे देत राहण्याचा निर्णय मंडळातील व्यक्तींनी जाणीवपूर्वक घेतला होता, असे त्यांनी सांगितले. शिक्षेची झळ मात्र प्रामुख्याने विद्यार्थ्यांना बसली. अनेक खेळाडूंना अन्य विद्यापीठांत जावे लागले. मोसमाअखेरचा 'बाउल' सामना खेळण्याची संधी संघाला त्यानंतर थेट २००९ मध्ये मिळाली.

ओरेगॉन विद्यापीठ

नायकी कंपनीचे सहसंस्थापक फिल नाइट हे ओरेगॉन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व धावपटू होत. क्रीडासाहित्य बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांच्या स्थितीवर देखरेख ठेवणाऱ्या 'वर्कर राइट्स कन्सोर्टियम' या संघटनेचे सदस्यत्व विद्यापीठाने २००० साली घेतले. त्यावर नाइट यांनी क्रीडांगणाच्या विस्तारासाठी योजलेली सुमारे ३ कोटी डॉलरची देणगी रोखली. पुढे विद्यापीठाचा त्या संघटनेशी असलेला संबंध संपुष्टात आला आणि नाइट यांच्या देणग्या पुन्हा सुरू झाल्या. याच विद्यापीठाने २००७ मध्ये पॅट किलकेनी या उद्योजक देणगीदाराची क्रीडा संचालकपदी नेमणूक केली. त्याच वर्षी बेसबॉलचा संघ पुन्हा सुरू करण्याचा आणि कुस्तीचा संघ बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला.

ऑबर्न विद्यापीठ

अलाबामातील ऑबर्न विद्यापीठाचे अध्यक्ष, क्रीडा संचालक आणि दोन विश्वस्त नोव्हेंबर २००३ मध्ये खासगी विमानाने गुप्तपणे एका अन्य विद्यापीठाच्या प्रशिक्षकास भेटावयास गेले. त्या वेळी त्यांचे स्वतःचे प्रशिक्षक टॉमी ट्यूबरव्हिल पदावर होते. ही बाब उघडकीस येताच गदारोळ झाला. ट्यूबरव्हिल पदावर राहिले आणि अध्यक्षांनी जानेवारी २००४ मध्ये राजीनामा दिला. पुढच्याच मोसमात ट्यूबरव्हिल यांच्या संघाने एकही सामना गमावला नाही.

कनेक्टिकट विद्यापीठ

जानेवारी २०११ मध्ये फुटबॉल प्रशिक्षकाच्या निवडीत आपले मत विचारात घेतले नाही, या कारणावरून रॉबर्ट बर्टन या देणगीदाराने ३० लाख डॉलर परत मागितले. क्रीडासंकुलावरील आपल्या कुटुंबाचे नाव काढून टाकावे, अशीही मागणी त्यांनी केली. त्यांचे पत्र प्रसिद्ध झाल्याने देणगीबरोबर सल्ल्याचा अधिकार येतो काय, हा प्रश्न जाहीरपणे चर्चेत आला. काही काळाने दोन्ही पक्षांत समेट झाला.

सकारात्मक परिणाम

देणगीदारांमुळे बंद पडू पाहणारे खेळ वाचल्याचीही उदाहरणे आहेत. बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठाने डिसेंबर २०१४ मध्ये खर्चाचे कारण देऊन फुटबॉल बंद केला. स्थानिक उद्योजक, माजी विद्यार्थी व नागरिक यांनी निधीची हमी दिल्यावर जून २०१५ मध्ये हा निर्णय मागे घेण्यात आला आणि २०१७ मध्ये संघ मैदानात परतला. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० मध्ये ११ खेळ बंद करण्याचे जाहीर केले होते. माजी विद्यार्थ्यांच्या चळवळीनंतर २०२१ मध्ये तोही निर्णय फिरवला गेला.

नियमन

एनसीएएच्या नियमांनुसार बूस्टरच्या वर्तनास विद्यापीठ जबाबदार असते. एकदा बूस्टर ठरलेल्या व्यक्तीची ही ओळख कायम राहते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाइट आयोगाने (याचा फिल नाइट यांच्याशी संबंध नाही) १९९१ च्या अहवालात क्रीडा विभागावर विद्यापीठाच्या अध्यक्षांचे नियंत्रण असावे, अशी शिफारस केली. शिक्षणात लिंगाधारित भेदभावास मनाई करणारा १९७२ चा 'टायटल नाइन' कायदाही येथे लागू होतो. देणगी केवळ पुरुषांच्या संघासाठी असली, तरी महिला खेळाडूंना समतुल्य सुविधा देण्याच्या जबाबदारीतून विद्यापीठाची सुटका होत नाही.

२०२१ नंतरचे बदल

जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या वापरातून उत्पन्न मिळवण्याची मुभा मिळाली. त्यानंतर देणगीदारांनी एकत्र येऊन 'कलेक्टिव्ह' नावाच्या संस्था उभारल्या. ज्या व्यवहारासाठी पूर्वी संघास शिक्षा होत असे, त्याच्याशी मिळतेजुळते व्यवहार आता करारान्वये उघडपणे होऊ लागले. त्यामुळे देणगीदारांचा प्रभाव प्रशिक्षकाच्या नेमणुकीपुरता न राहता संघात कोण खेळणार येथवर पोहोचला. टेक्सास टेक विद्यापीठाची सॉफ्टबॉलपटू निजारी कॅनडी हिच्याशी २०२४ मध्ये अशाच एका संस्थेने १० लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. ६०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेच्या बाह्य करारांची छाननी करण्याची तरतूदही तीत आहे.

मतमतांतरे

देणग्यांमुळे शिष्यवृत्त्या मिळतात, कमी उत्पन्नाचे खेळ टिकतात आणि करदात्यांवरील भार हलका होतो, असे समर्थकांचे म्हणणे आहे. टीकाकारांच्या मते शैक्षणिक संस्थेचे निर्णय तिच्या उत्तरदायी अधिकाऱ्यांनीच घ्यावयास हवेत. देणगीदारास कोणतेही पद नसते, त्यामुळे निर्णय चुकल्यास त्याला जाबही विचारता येत नाही. अनेक विद्यापीठांत देणग्या स्वतंत्र खासगी प्रतिष्ठानांमार्फत स्वीकारल्या जातात. काही राज्यांत अशा प्रतिष्ठानांचे दस्तऐवज माहितीच्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, त्यामुळे एखाद्या निर्णयामागे कोणाचा आग्रह होता हे बाहेर समजणे कठीण जाते.