दांतांची तार आणि जबड्याचें हाड

तार बसविली कीं लग्नाच्या मुहूर्तापूर्वीं दंतपंक्ति सरळ व्हावी, अशी घाई खडकीच्या घरोघरीं आम्ही पाहतों. खडकीच्या नांवांत खडक असेल, पण जबड्याचें हाड खडक नव्हे. तें जिवंत आहे. तारेचा दाब पडतो तेथें तें झिजतें, ताण पडतो तेथें नवें भरतें, आणि दांत महिन्यास सुमारें १ मिलिमीटर सरकतो. खालचा जबडा वरच्याहून घट्ट, म्हणून तेथें गति बहुधा मंदच. ‘आणखी आवळा’ असा आग्रह दंतवैद्यांस करूं नये. फाजील दाबानें मुळाभोंवतींचा रक्तप्रवाह खुंटतो, दांत कांहीं आठवडे अडून बसतो, मूळही झिजूं शकतें. तार लावणारी व्यक्ति प्रौढ असून हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट घेत असेल, तर तें आधींच सांगावें. त्या औषधानें हाडाची झीज रोखली जाते, तसें दांतांचें सरकणेंही मंदावतें.